बारावा टेक

पुंडलिक कापगतेनं पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनच्या भट्टीवर चौतीस वर्षं नोकरी केली, आणि तेवढ्या काळात एकच कला त्याच्या अंगात पुरती भिनली. पास दाखवण्याची. गेट आलं की उजवा हात आपोआप खिशात जायचा, कोपर सरळ व्हायचं आणि पास गार्डच्या नाकापुढं वीतभर अंतरावर उभा राहायचा. आधी पुढची बाजू, मग मागची. गार्ड झोपलेला असला तरी. रिटायर झाल्यावर बँकेच्या दारात, आणि एकदा तर व्याह्याच्या दारातही तो हात असाच उचलला गेला होता. व्याही सज्जन, 'या आत' म्हणाले.

त्याचा मुलगा प्रशांत रसमड्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. एका दुपारी क्रेनवरून गर्डर सुटला, आणि प्रशांत खाली होता. ठेकेदारानं दोन ओळींचा जबाब लिहून दिला: मुलगा आमचा नाही, भंगार चोरायला भिंतीवरून आत आला असावा. सोबतच्या पोरांनी माना खाली घातल्या. वर केल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी त्यांना कोणी कामावर घेतलं नसतं. हजेरीचं रजिस्टर उघडलं, तर त्यात एक प्रशांत सोडून सगळं गाव होतं.

राहिला फक्त गेटपास. इस्पितळातून कपड्यांच्या गाठोड्यात तो घरी आला. लॅमिनेशन केलेला, त्यावर प्रशांतचा फोटो, ठेकेदाराची सही, आणि अर्धा कागदावर, अर्धा प्रशांतच्या गालावर उमटलेला निळा शिक्का. नुकसानभरपाईचा दावा लावणारे वकील म्हणाले, "सुनावणीला हा घेऊन या. तुमचा मुलगा चोर नव्हता, एवढं सांगणारा हा एकच कागद आहे." पुंडलिकनं तो पत्र्याच्या पेटीत ठेवला. झेरॉक्स काढली नाही. झेरॉक्सवर गेटातून कोणी आत सोडत नाही, हे चौतीस वर्षं बघितलेला माणूस झेरॉक्स कशाला काढेल?

त्याच सुमारास पुण्याहून समीक्षा नावाची बाई ठेका मजुरांवर डॉक्युमेंटरी करायला आली. सोबत अभिनव नावाचा कॅमेरावाला. रुआबांध्याच्या हिंदी वस्तीत पुंडलिकच्या घरी मराठी ऐकून तिला भरून आलं.

"अय्या, इथं मराठी?"

"आमी भंडाऱ्याकडचे होवो, बाई," पुंडलिकची बायको हिरा म्हणाली. "माहा सासरा कारखाना बांधाले आला, अन् आमी इथंच राहून गेलो."

समीक्षा मनानं चांगली होती, हे पहिल्यांदाच सांगून टाकलेलं बरं. तिला अन्यायाची खरी चीड होती. फक्त अन्याय फ्रिजशेजारी बसलेला तिला चालत नव्हता. म्हणून फ्रिज दोन दिवस शेजाऱ्याकडे गेला, दुधासकट. कूलरवर गोधडी टाकली. घर पुरेसं गरीब झाल्यावर पेटीचा शॉट सुरू झाला.

पुंडलिकनं पेटी उघडली, पास काढला, आणि कोपर सरळ करून कॅमेऱ्याच्या नाकापुढं धरला. पुढून. मग मागून.

"कट. काका, कॅमेऱ्याला दाखवू नका. कॅमेरा म्हणजे गार्ड नाही."

"हो ना, बाई. पन हात जाते."

पुन्हा पेटी, पुन्हा पास, पुन्हा हात. असं अकरा वेळा झालं. शेवटी स्वयंपाकघरातून हिरा कॅमेरावाल्यावर ओरडली, "अवो बापू, जाऊ द्या ना त्याईले आत एकदाचं!"

अभिनव हसला. समीक्षा हसली नाही. ती पुंडलिकच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, आम्हाला विसरा. तुम्ही बघा. मुलाकडे बघा."

बाराव्या वेळी पुंडलिकनं पास स्वतःकडे वळवला. शिक्क्याखालून प्रशांत त्याच्याकडे बघत होता. पोराचा चेहरा इतक्या जवळून, इतका वेळ त्यानं कधी न्याहाळलाच नव्हता. कधी याची शिफ्ट, तर कधी त्याची. बराच वेळ कोणी कट म्हणालं नाही. मग समीक्षानं डोळे पुसले, काकांच्या पाया पडली, आणि युनिट गाडीत बसून गेलं.

पुढं वर्ष भरलं, प्रशांतची बरसी आली. बरसीला भिंतीवर मोठा फोटो लागतो, आणि आपल्याकडं फोटोत मेलेल्या माणसाला कोट घालतात. जिवंतपणी घातलेला असो वा नसो. प्रशांतचा फोन गर्डरखाली चुरा झालेला. मित्रांकडे एक फोटो निघाला, पण गॉगल लावलेला. गॉगलला हार कसा घालायचा? म्हणून पुंडलिक पास घेऊन चंदनच्या स्टुडिओत गेला.

चार दिवसांनी चंदननं मोठ्या उत्साहानं फ्रेम पुढं केली. काळा कोट, लाल टाय, मागं बर्फाचे डोंगर.

"अन् पास?"

"लॅमिनेशन चमक रहा था, काका. काटके फोटो निकालनी पडी. बाकी तो कचरे की गाडी में गया." मग त्यानं प्रेमानं जोडलं, "गाल पे एक नीला दाग था, वो भी साफ कर दिया."

पुंडलिक फ्रेम काखेत घेऊन घरी आला, ती भिंतीला लावली आणि दोन दिवस पडून राहिला. तिसऱ्या दिवशी तो एकदम उठून बसला.

"हिरा, अकरा खेप दाखोला होता ना मी! पुढून बी, मागून बी!"

त्यानं समीक्षाला फोन लावून पासचा शॉट आहे का, एवढंच विचारलं. "काका, पासचा शॉट आहे ना!" ती म्हणाली. "सगळ्यांना तोच आवडतोय. सुनावणीची तारीख कळलीय मला. आदल्या दिवशीच तिकडं दाखवतोय आम्ही. वकिलांनाही आणा."

तेवढे दिवस पुंडलिक नीट जेवला.

हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत पुंडलिक, हिरा आणि मध्ये वकील. पडद्यावर पेटी उघडली. पडदाभर पुंडलिकचे हात, मग त्याचा चेहरा, आणि चेहऱ्यापुढं पास. पाठमोरा. पाठीवरची छापील हिंदी ओळ मात्र शेवटच्या खुर्चीतूनही वाचता येत होती: 'पास खो जाने पर तुरंत सूचना दें.' मागच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. वकिलांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला.

टाळ्या संपल्यावर पुंडलिकनं समीक्षाला गाठलं.

"बाई, ते आधीचे अकरा?"

"ते एनजी होते, काका."

"म्हंजे?"

"म्हणजे बाद. तुम्ही कॅमेऱ्याला दाखवत होतात ना, म्हणून. डिस्क भरली होती, पुढच्या फिल्मसाठी रिकामी केली." मग पास आणि चंदनचा सगळा प्रकार तिला कळला, आणि ती खुर्चीत बसली. "काका, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मी त दाखोतच होतो ना, बाई."

घरी आल्यावर हिरानं भिंतीवरची फ्रेम उतरवली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. "अजी, उद्या हाच घेऊन जा. कोट घालून कोनी भंगार चोराले जाते का?"

पुंडलिकनं प्रशांतच्या गालावरून बोट फिरवलं. गाल स्वच्छ होता, गोराही केला होता.

सुनावणीत ठेकेदाराचा माणूस आरामात बसला होता. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "लड़का वहाँ काम करता था, इसका कोई सबूत?"

पुंडलिक उठला. कोपर सरळ झालं, आणि फ्रेम साहेबांच्या नाकापुढं वीतभर अंतरावर उभी राहिली. कोट, टाय, बर्फाचे डोंगर.

साहेबांनी फोटो नीट बघितला. माणूस वाईट नव्हता.

"बहुत अच्छी फोटो है," ते म्हणाले. "ये कौन साहब हैं?"

पुंडलिकनं फ्रेम उलटी केली, आणि मागची बाजू दाखवली.