सोनगीरची वाट सांगणारा आवाज

कामिनीनं त्या संघाचं सभासदत्व घेतलं, तेव्हा जळगाव कोर्टातले वकील हसले होते. व्हिसा, नागरिकत्व, देशांतर अशी प्रकरणं चालवणाऱ्या देशोदेशीच्या वकिलांचा तो संघ. त्याच्या सभा पडद्यावर भरायच्या आणि बोलणारे कुठल्या तरी थंड शहरात जाड स्वेटर घालून बसलेले असायचे.

"तुझ्याकडे येतात कोण, तर पासपोर्टात नाव चुकलेली पोरं," तिचे सीनियर रतिलालभाई म्हणाले होते. "त्यासाठी एवढा खटाटोप?"

पण या कामात कामिनी जिल्ह्यात एकटी होती. अडलं की संघाच्या गटावर प्रश्न टाकायचा, आणि झोपून उठेपर्यंत कुणीतरी अनोळखी माणसानं सविस्तर उत्तर लिहून ठेवलेलं असायचं. एवढ्यावरही माणसाला धीर येतो.

थंडीच्या एका सकाळी गटावर मार्ता नावाच्या वकिलीण बाईंचा प्रश्न आला. त्या परदेशात, उत्तरेकडच्या एका बंदरात काम करत. त्यांनी लिहिलं होतं, की परदेशी लोकांना ठेवतात त्या केंद्रात एक म्हातारा आहे. कागद नाहीत, नाव तेवढं वना असं सांगतो. मेंदूला झटका आल्यापासून तो एकच भाषा बोलतो, आणि ती कुणाला कळत नाही. हिंदी, गुजराती, मराठीचे दुभाषे आणले. सगळे म्हणाले, ओळखीची वाटते, पण नेमकी हाती लागत नाही. कोर्टानं त्याच्यासाठी पालक नेमलाय, पण पालकालाही काही उमगत नाही. त्याला ठेवून घ्यावं की पाठवावं, आणि पाठवावं तर कुठं, हे त्यालाच विचारायला हवं. विचारायचं कसं?

कामिनीनं लिहिलं, "आवाज ऐकायला मिळेल?"

संघाच्या चिटणीसांनी आधी तिच्याकडून गुप्ततेचं हमीपत्र लिहून घेतलं. मार्ताबाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण संघाची सभासद, एवढ्या एका ओळखीवर त्यांनी त्या माणसाचा आवाज तिच्या हवाली केला.

तिनं तो ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून ऐकला. आधी नुसता श्वास. मग अगदी जवळून, कुणाला तरी हाताला धरून नेत असल्यासारखं:

"हायवे सोडी दे. किल्ला पाठमागे ऱ्हावू दे. आयकू येस का? भांडा ठोकतस. आवाज धरी धरी चाल…"

कामिनीनं तो पुन्हा पहिल्यापासून लावला. ही अहिराणी होती. दोंडाईचाजवळच्या तिच्या आजोळी सगळे हीच बोलत. तिला शाळेत घातलं तेव्हा आईनं बजावलं होतं, हे गावठी बोलणं आता बंद. तिनं ते इतकं मनापासून बंद केलं, की पुढं आजोळी गेल्यावरही ती शुद्ध मराठीत बोलायची आणि मामा गालातल्या गालात हसायचे. आता ते शब्द तळातून बुडबुड्यासारखे एकेक वर येत होते, आणि प्रत्येक शब्दाबरोबर तिला कसला तरी वास येत होता: ओल्या शेणाचा, भाजलेल्या मिरचीचा.

म्हातारा गावाचं नाव घेत नव्हता. तो नुसता चालत होता. किल्ला, हायवे आणि भांडी ठोकल्याचा आवाज. खानदेशात किल्ले कमी नाहीत. पण आग्रा हायवेवर, किल्ल्याच्या पायथ्याशी, तांब्यापितळेची भांडी घडवणारं गाव म्हटलं की कुणीही सोनगीरच म्हणेल.

तिनं मार्ताबाईंना फोन केला. त्यांनी त्याचं घर शोधायला केंद्राची आणि पालकाची परवानगी मिळवली, तेव्हा कुठं कामिनीनं गाडी काढली.

पारोळा गेलं, धुळं गेलं. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी पांढरी फुटली होती आणि तिच्यावर कोवळं ऊन असं पसरलं होतं, की रस्ता जमिनीवर आहे की ढगांतून चाललाय, कळू नये. गाडीत तो आवाज लावलेला. आपण गाडी चालवतोय की कुणाच्या तरी झोपेतून चाललोय, असं तिला मधूनच वाटे. सोनगीरला हायवे सोडला. किल्ला मागं राहिला. तिनं काच खाली केली, आणि ठक, ठक, ठक: पितळेवर हातोडी पडत होती.

गाडी लावून ती पायी निघाली. कानाशी फोन, फोनात म्हातारा. "आते निंबनं झाड लागी." लिंबाचं झाड नव्हतं, तिथं मोबाइलचं दुकान होतं. दुकानदार खाजाभाईंनी सांगितलं, "होतं ना ताई, मोठं होतं. रस्ता रुंद केला तेव्हा तोडलं." म्हणजे वाट बरोबर होती. पुढं ओटा, ओट्यापुढं उतार, उतारावर निळ्या दाराचं घर. दार उघडं. आत एक म्हातारी ज्वारी निवडत बसली होती.

"अक्का, वना नावाचं कुणी होतं का या घरात?"

म्हातारीचे हात थांबले. "भाऊ मन्हा. जहाजवर गया व्हता, रांधाले. मंग काही खबर नही." तिनं वर पाहिलं. "तू कोन शे बेटा?"

कामिनीनं फोन पुढं धरला. आतला आवाज नेमका उतारावर पोचला होता. थकून, लहान मुलासारखा तो म्हणाला, "अक्का, दार उघड ना."

म्हातारीच्या, म्हणजे भागाबाईंच्या, मांडीवरचं सूप कलंडलं, ज्वारी घरभर झाली. त्या फोनकडं वाकून म्हणाल्या, "उघडंच शे रे. ये ना."

दुसऱ्या दिवशी मार्ताबाईंनी केंद्रातून फोन जोडून दिला. पडद्यावर पांढऱ्या उशीवर एक सुकलेला चेहरा. त्यानं उशीवरून मान उचलली. मग म्हणाला, "तू ते म्हतारी व्हयी गयी वं अक्का!"

"आनि तू काय नवरदेव शे का?" भागाबाई पदरानं तोंड झाकून हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

कोर्टात वनाचं मन सांगायला दुभाषी हवी होती, आणि कामिनी तयार होती. पण संघातल्या एका जुन्या वकिलांनी तिला आधीच बजावलं. "तू दुभाषी होणार असशील तर वकील होऊ नकोस. त्याच्या बाजूनं एक शब्दही वाढवायचा नाही. त्यानं बोललेलं जसंच्या तसं." कामिनी हो म्हणाली. ते किती अवघड असतं, हे तिला सुनावणीच्या दुपारी कळलं.

न्यायाधीश पडद्यावर, वना पडद्यावर, ती जळगावच्या ऑफिसात. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्हाला इथं उपचार घेत राहायचंय की घरी जायचंय? तिनं ते अहिराणीत विचारलं. वनानं डोळे मिटले होते. तो शांतपणे म्हणाला, "मी ते घरच शे. फक्त डोया उघाडाना बाकी शेतस."

त्याला घरी जायचंय, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण तिनं तो गिळला आणि सांगितलं, "तो म्हणतो, मी घरीच आहे. फक्त डोळे उघडायचे बाकी आहेत."

पलीकडं न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. कामिनीला वाटलं, आपण म्हाताऱ्याचा घात केला. मग न्यायाधीशबाई पुढं वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना विचारा, डोळे उघडल्यावर त्यांना कोण दिसायला हवं?"

कामिनीनं विचारलं. वनानं डोळे उघडले.

"अक्का. अक्का जोडे ऱ्हासू."

"अक्का. अक्काजवळ राहीन," कामिनीनं जसंच्या तसं सांगितलं.

वनाला घरी पाठवायचा निकाल लागला, तरी पासपोर्ट नव्हता. संघाचे दिल्लीतले सभासद हेमराज यांनी ते काम अंगावर घेतलं. भागाबाईंचे जबाब, शाळेचा दाखला, गावच्या लोकांची ओळख असं एकेक जोडत त्यांनी प्रवासाचा तात्पुरता परवाना मिळवला. चाकाच्या खुर्चीतून, एका परिचारिकेच्या सोबतीनं वना निघाला आणि कपाशीची रानं नांगरून रिकामी पडली होती तेव्हा सोनगीरला पोचला. किल्ल्यापाशी गाडी वळली, तेव्हा तो गाढ झोपला होता. कुणी त्याला उठवलं नाही.

कामिनीनं गटावर कळवलं, "पोचला." मग दिवसभर जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून उत्तरं येत राहिली. त्यातली बरीचशी एकेका शब्दाची होती. रतिलालभाईंनी ती तिच्या खांद्यावरून वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं, "यांच्या सभेला मराठीत बोललं तर चालतं का गं?"

वना पूर्ण बरा झाला नाही. काही दिवस तो अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावानं हाक मारी. काही दिवस मात्र खाट त्याला जहाज वाटे. कामिनी एकदा भेटायला गेली, तेव्हा तो खाटेच्या कडेला घट्ट धरून बसला होता, बाहेर उन्हात लखलखणाऱ्या मोकळ्या रानाकडं बघत.

"कितलं पानी शे हाई," तो म्हणाला. "किनारा कवय येई?"

भागाबाईंनी भाकरी मोडून दुधात कुस्करली, वाटी त्याच्या हातात दिली आणि त्याच्याशेजारी खाटेवर बसल्या.

"लागी गया किनारा," त्या म्हणाल्या. "जेव आते."