ज्वारीवर ज्वारी

माह्या पुष्पांजलीनं पोटच्या पोरीले कडेवर घेतलं अन् सोताचंच मनगट मोडलं. पडली नाई, झडली नाई, नुसतं उचललं. सव्वीस वर्षाची बाई अन् हाडं साठीची, असं अकोल्याचा डॉक्टर म्हने. गहू पोटात गेला की तिचं आतडं सुजते, मंग लोह म्हना, कॅल्शियम म्हना, काहीच अंगी लागत नाई. त्यानं गोळ्या देल्या, उन्हात बसाले सांगतलं अन् म्हने, जलमभर गव्हाचा कन बी नको.

मी कपाळाले हात लावला. आमच्या लहानपनी पोळी सनावाराले. बीटी कपाशी आली, चार पैसे हाती खुळखुळले, तशी मी मोठ्या तोऱ्यात रोज पोळ्या लाटाले लागली. पुष्पा तवा बारा वर्षाची. वाढाच्या वयात पोरगी वाळत चालली, तं मी तिच्यावरच खेकसो, "खात नाई, नखरे करते!" अन् आनखी एक पोळी वाढो. माय होऊन म्या असं केलं.

तिची सासू अंबूबाई वाईट नाई. पन पुष्पाले माहेरी माह्याकडे धाडलं अन् म्हने, "अंगात रगत येऊ द्या, हाडं धड होऊ द्या, मंग धाडा." चार वर्षाची माही नात गुंजन तिकडंच मोताळ्याले, तिची बालवाडी हाय म्हून. इथं आनली तं जाताना आकांत करन, म्हून आनत नाईत. रोज संध्याकाळी फोन यायचा. "मम्मी, तू कधी येशीन?" पुष्पा म्हने, "तुले उचलता आलं की येईन." फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून बसे. मले वाटे, माहीच हाडं काढून देऊ का हिले.

पाच महिने घरात पोळी लाटली नाई. माह्या मालकाच्या मागं लागून कपाशीच्या कडेनं ज्वारी पेरली. साऱ्या शिवारात आमचीच तेवढी, म्हून सारी पाखरं आमच्याच बोडक्यावर. मी दिवसभर डबा वाजवत हिंडो. तरी रिपोर्ट जसाच्या तसा! डॉक्टरले वाटलं, पोरगी चोरून खाते. पुष्पा ढसाढसा रडली. "माय, गुंजनची आन, म्या काहीच नाई खाल्लं."

डॉक्टरनं रिपोर्ट बाजूले सारला. "पीठ कुठं दळता?" म्हने.

अवं, आम्ही पोरी असताना गिरनीवर भांडनं व्हायची याच्यावरून! ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू. आधीचं पीठ आपल्यात येऊ नये म्हून बाया तास तास नंबर धरून बसत. एवढं ठाऊक असून म्या डोळे झाकून डबा ठेवून येत होती.

तडक बशीरच्या गिरनीवर गेली. पिंपळगावात त्याच्या बापाच्या वक्तापासून आमचं दळन. "काऊन रे, गव्हावरच टाकतं माही ज्वारी?"

"काकू, मंग कशावर टाकू?" तो बी तडकला. "ज्वारी आनते कोन आता? साऱ्या गावात तुमचा एकच डबा!"

मी तिथंच बसली. त्यानं पानी देलं, सारं इचारलं. म्हने, "या अल्ला, म्हंजे पोरीले मीच चारून राह्यलो होतो."

त्याच्याकडे ज्वारीची एक जुनी चक्की होती. ज्वारी सरली तवापासून पट्टा काढून बंद पडेल होती. त्यानं दगड उघडून धुतले, घासले, छिन्नीनं नव्यानं टाकी लावली अन् चक्की थेट मागच्या आंगनात बसवली, इकडचं पीठ तिकडं उडू नये म्हून. त्याची बायको मुबीना म्हने, "चार पायल्या ज्वारीसाठी एवढा खटाटोप?" तं तिच्यावरच वसकला, "चूप बस. पुष्पी खेळली ना आपल्या दारात!"

सहा महिन्यांत रिपोर्टातला आकडा उतरला, रगत चढलं. डॉक्टर हासला. म्हने, "हाडं भराले वेळ लागन, पन आता लेकीजवळ राहाले हरकत नाई. तिचंबी रक्त तपासून घ्या, हे घरान्यात असते." पुष्पानं तवाच मोताळ्याले फोन केला. जावई राजकुमार म्हने, "तिले काय धाड भरली? चांगल्या दोन पोळ्या खाते."

रविवारी तो गुंजनले घेऊन आला. पोरगी गाडीवरून उतरून धावतच आली. मी ओरडली, "पुष्पे, उचलू नको!" पन ऐकते कोन? वर्षभर याच घडीसाठी तं जगली होती. बसल्या जागेवरून उठली अन् गुंजनले छातीशी धरून वर घेतलं. कुठं दुखलं नाई.

राजकुमार हासला. "पाहा मामी, झाली का नाई बरी!"

पुष्पा हासली नाई. तिनं पोरीले थोडं अलग धरलं, पाठीवरून हात फिरवला, फ्रॉकाखाली पुढं आलेल्या पोटावरून फिरवला.

"माय," ती म्हने, "हिले तं वजनच नाई."