न धुवायचा डाग

माझ्या डाव्या गालावर वांगाचा एक डाग होता. कोटाच्या बटणाएवढा, चहा सांडून वाळल्यावर कापडावर राहतो तशा रंगाचा. आठ वर्षांपूर्वी मला दिवस गेले तेव्हा तो उठला. बाळ सातव्या महिन्यात गेलं, डाग राहिला. आई तेव्हा महिनाभर माझ्याजवळ राहिली होती. एकदा मी आरशासमोर उभी राहून तो डाग खसाखसा घासत होते, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "हा धुवायचा नाही. बाळाची तेवढीच एक खूण राहिलीय."

हे बोलणारी बाई चाळीस वर्षं लाँड्रीत डाग काढत होती, हे सांगितलं म्हणजे त्या बोलण्याचं मोल कळेल. शाई, रक्त, तेल, गंज, कशालाही ती बधायची नाही. गिऱ्हाईक रडवेलं होऊन कपडा पुढे करायचं. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "कशाचा आहे?" आणि उत्तर काहीही असो, पुढचं बोलणंही ठरलेलं, "जाईल हो. काळजी करू नका. परवा या." आम्हा भावंडांना तिनं दुसरं काही शिकवलं नसेल, पण एवढं नक्की शिकवलं, की डाग कडेकडून आत टिपायचा, मधे चोळला की तो पसरतो. पाहुण्याच्या कॉलरवर काही दिसलं तरी तिचे हात शिवशिवायचे. माझ्या गालाच्या वाटेला मात्र ती कधी गेली नाही.

मग आई विसरायला लागली. आधी गॅस, मग वार, मग माणसं. ती दादाकडे राहते. माझं पार्लर बुधवारी बंद असतं, म्हणून मी दर बुधवारी तिच्याकडे जायचे. दादाला ती "साहेब" म्हणू लागली आणि वहिनीला "नर्सबाई". वहिनी हसून म्हणायची, "मग पगार तरी चालू करा, आई." मला मात्र ती ओळखायची. मी आत गेले की दोन्ही हातांत माझा चेहरा धरायची, अंगठ्यानं गाल चाचपायची, डागाशी अंगठा थांबायचा आणि म्हणायची, "आलीस, ठमे?" तिला रोज जेवू घालणार दादा-वहिनी आणि ओळख माझी. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

आता माझा मूर्खपणा सांगते. एक नवीन गिऱ्हाईक आलं, दोन्ही गालांवर वांग. मी तिला खुर्चीत बसवून ग्लायकोलिक ॲसिडचं पील, म्हणजे वरची कातडी सोलवायची ट्रीटमेंट, कशी करतात ते समजावत होते. ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, हे म्हणजे दिव्याखाली अंधार झाला की. तुमचाच डाग गेला नाही, माझा काय जाणार?" मी हसले. पण माझा स्वभाव तापट. ती पाठमोरी झाली आणि मी त्याच ॲसिडची बाटली स्वतःसाठी बाजूला काढली.

सगळं नियमानं केलं. कानामागे थेंबभर लावून एक दिवस थांबले. मग चेहरा कोरडा करून ब्रशनं पातळ थर, समोर घड्याळ, तीन मिनिटं. मुंग्या आल्या तर चालतं, आग झाली तर लगेच धुवायचं. मग चार-पाच दिवस त्वचेचे पापुद्रे सुटतात, ते ओढायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ऊन टाळायचं. उन्हात गेलात तर गेलेला डाग दुप्पट होऊन परत येतो, हे मी रोज दहा जणींना बजावते. दर पंधरा दिवसांनी एक, अशी सहा पील केली.

दादाचं घर वीस मिनिटांच्या वाटेवर, आणि त्या वाटेवर सावलीला म्हणून एक झाड नाही. म्हणून एक बुधवार चुकवला. मग दुसरा. मग चुकवायची सवयच लागली. दादा फोनवर म्हणायचा, "आई विचारतेय, ठमी का येत नाही?" मी म्हणायचे, "येते रे, जरा कामात आहे." काम कसलं डोंबलाचं! गाल कितपत उजळला ते बघण्याचं काम. तीन महिने मी माझ्या आईला तोंड दाखवलं नाही, का तर तोंड चांगलं दिसावं म्हणून.

गाल झाला मात्र लख्ख. त्या गिऱ्हाइकानं तोंडात बोट घातलं. त्याच आठवड्यातल्या बुधवारी मी मोठ्या तोऱ्यात दादाकडे गेले. आई खिडकीशी बसली होती. मी पुढ्यात वाकले. तिनं नेहमीसारखा चेहरा हातांत धरला. अंगठा डाव्या गालावर फिरला, खाली गेला, परत वर आला. मग तिनं हात काढून घेतले आणि गडबडून म्हणाली, "माफ करा हं. मला वाटलं, माझी मुलगीच आली."

"आई, मीच आहे. ठमी."

"ठमीच्या गालावर डाग आहे हो," ती मला समजुतीच्या सुरात म्हणाली. "बसा तुम्ही. ती येईलच. बुधवारी येते ती."

वहिनी आत निघून गेली. मी तिथे बसून राहिले. आईबरोबर, माझीच वाट बघत. असं बसणं वैऱ्यावर येऊ नये.

पुढच्या बुधवारी मी शहाणपणा केला. नवरीचे चेहरे रंगवणारी बाई मी, मला एक डाग काढता येऊ नये? तपकिरी पेन्सिलीनं हुबेहूब काढला, कडा बोटानं पुसट केल्या. आईनं चेहरा हातांत घेतला, अंगठा डागावर ठेवला. मग तिनं अंगठा डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला. त्याला रंग लागला होता.

"कच्चा आहे," ती म्हणाली आणि अंगठा रुमालाला पुसून खिडकीबाहेर बघू लागली.

त्यानंतर मी ऊन खायला लागले. दुपारी पार्लरला कुलूप लावायचं, मागच्या पायरीवर बसायचं आणि डावा गाल उन्हाकडे धरायचा. ना क्रीम, ना टोपी. नुकत्या सोललेल्या कातडीला ऊन चावतं. डोळ्यांतून पाणी यायचं, ते उन्हाचं की कशाचं ते मी बघत बसले नाही. दादाला कळलं तेव्हा तो ओरडला, "डोकं फिरलंय का तुझं? औषधानं येत नाही ती आठवण, उन्हानं येणार आहे?" मी म्हटलं, "तू गप बस, साहेब." तो हसला नाही. मीही नाही.

दोन महिने लागले, तोवर आईकडे गेले नाही. डाग आला, आणि मी गिऱ्हाइकांना सांगते तसाच आला, पहिल्यापेक्षा मोठा आणि काळपट. उजव्या गालावरही थोडा उमटला. पार्लरमध्ये बायका बघून न बघितल्यासारखं करायच्या. चारजणींनी येणं बंद केलं. नाही तर नाही. मी रोज आरशात त्या डागाकडे बघून मनात म्हणायचे, आलास बाबा.

बुधवारी भर उन्हातून चालत गेले. आई खिडकीशीच होती, पहिल्यापेक्षा खूप वाळलेली. शेजारी पाण्याचा पेला होता. वहिनी हलक्या आवाजात म्हणाली, "हल्ली त्या कुणाची वाट बघत नाहीत गं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आईसमोर गुडघ्यावर बसले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. नजर फिरत फिरत डाव्या गालावर आली आणि थांबली. किती तरी वेळ ती तिथंच राहिली. मग तिनं माझा चेहरा हातांत घेतला. अंगठा अलगद डागावर टेकला. मी डोळे मिटले. मनात एकच शब्द धरून बसले होते, ठमे. एवढंच म्हण, दुसरं काही नको.

ती म्हणाली, "कशाचा आहे?"

मी डोळे उघडले. तिनं मांडीवरचा रुमाल घेतला होता, त्याचं टोक पेल्यात बुडवून पिळलं होतं. चेहऱ्यावर लाँड्रीच्या काउंटरमागची ती जुनी, शांत नजर होती. तिच्या दृष्टीनं मी गिऱ्हाईक होते, मोठ्या काळजीत पडलेलं.

"बाळाचा," मी म्हटलं.

गिऱ्हाइकानं शाई म्हटल्यावर हलवायची तशी तिनं मान हलवली. ओला रुमाल गालाला लागला. ती टिपत होती, कडेकडून आत, जराही न चोळता.

"जाईल हो," आई म्हणाली. "काळजी करू नका. परवा या."

"येते," मी म्हटलं, आणि तिचं होईपर्यंत गाल तसाच पुढे धरून ठेवला.