खरवडलेल्या सह्या

आमची दगडाबाई म्हणायची, "तुम्हाला दगड कळतो, माणूस कळत न्हाय." बायको माझी. तिच्या तोंडाला लागायची सोय नव्हती, म्हणून मी वाद घातला न्हाय. पण मुनवरच्या बाबतीत तिचं खरं झालं. इतकी वर्षं हे कुणापाशी बोलायची छाती झाली न्हाय. आज बोलतो, आणि मधी कुणी मला शहाणपण शिकवू नका.

मुनवर उस्मानाबादेत निजामाच्या तामीरातीत, म्हणजे बांधकाम खात्यात, नक्षानवीस होता. नकाशे काढायचा. त्याच्या आधी त्याचे वडील बाबामियाँ हेच करायचे. मी गवंडी. त्यानं कापडावर रेघ ओढायची आणि म्या ती दगडात उभी करायची, अशी आमची पंधरा-सोळा वर्षं गेली. तामलवाडीची चावडी, तुळजापूरच्या वाटेवरची सराय, ढोकीकडचा पूल, सगळं त्याचं डोकं आणि माझे हात. मला नकाशा वाचता यायचा न्हाय. तो भर उन्हात माझ्याशेजारी उकिडवा बसून एकेक रेघ बोटानं दाखवायचा. "हितं खिडकी है, कोंडीराम. मागच्या बारीसारखी बुजवलीस तर तुझ्याच टाळक्यातनं काढीन," म्हणायचा.

पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि त्याची नोकरीही गेली. छाटणी म्हणाले. नऊ वर्षं तो माणूस कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत राहिला. काय हात होता त्याचा, आणि काय लिहायचा, तर विहिरीच्या भांडणाचे अर्ज! मला बघवायचं न्हाय.

मग आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. बांधकामाची नवी कचेरी बसली, पुण्याकडचे साहेब आले, आणि नक्षानवीसाच्या दोन जागा निघाल्या. जुन्या खात्यातल्या माणसांनीही यावं, वयाचं बघू, असं पाटीवर लिहिलं होतं. येताना फक्त आपल्या कामाची वही आणायची. नीट बांधलेली, आणि वर मराठीत ठळक शीर्षक. ही जागा मिळाली तर मुनवर पुन्हा माणसांत येणार होता. न्हाय मिळाली तर मरेस्तोवर लिंबाखाली बसणार होता. त्याचं वय सेहेचाळीस, पुढं परत कोण विचारतंय?

वहीत घालायला नकाशे होते ते हमिदाबीमुळं. हमिदाबी म्हणजे मुनवरची बायको. जुनं उर्दू दप्तर कचेरीनं रद्दीत काढलं होतं. नकाशाचं कापड दिसायला मेणचट, पण गरम पाण्यात उकळलं की खळ निघून जाते आणि आत मऊसूत मलमल राहते. बायका त्याची झबली शिवायच्या. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं सरकारी पुलांत गुंडाळून वाढली. हमिदाबीला अक्षरओळख नव्हती, पण नवऱ्याची रेघ ती लांबनं ओळखायची. तिनं शेजारणींच्या चुलीवरच्या घंगाळांतनं, हातापाया पडून, बावीस नकाशे वाचवले होते.

ते घेऊन आम्ही गुरुसिद्धप्पाच्या दुकानात गेलो. तो चोपड्या-दप्तरं बांधायचा आणि पाट्याही रंगवायचा. त्यानं पुठ्ठा घातला, लाल कापड चढवलं, कुंचला भिजवला आणि म्हणाला, "हं. नाव काय घालू?"

आम्ही दोघांनी नावाचा विचारच केला नव्हता.

"नुसतं 'नकाशे' लिही," मुनवर म्हणाला.

"यप्पा! नकाशे हे काय नाव झालं? शाळेतल्या भूगोलाच्या वहीवर असतंय ते."

"मग 'तामीरात, जिल्हा उस्मानाबाद' लिही."

"तामीरात मेली," म्या म्हणलं. "मेलेल्याच्या नावानं चाकरी मागतोस का?"

गुरुसिद्धप्पाला हुरूप आला. "'सुबक व टिकाऊ इमारतींचे नमुने'. कसं वाटतंय?"

मुनवर हसला. लई दिवसांनी हसला. "मिठाईच्या दुकानाची पाटी वाटतीय रे, अप्पा."

तेव्हा म्या म्हणलं, "लिही, 'मुनवर बाबामियाँ नक्षानवीस यांनी काढलेल्या इमारती'."

मुनवरचं हसू गेलं. मान हलवून म्हणाला, "ना, ना. नक्षानवीस आपलं नाव कधी घालत न्हाय. अब्बा म्हणायचे, रेघ आपली, कोपरा साहेबाचा."

ती त्यांची रीतच होती. नकाशा ह्यानं काढायचा आणि खालच्या कोपऱ्यात सही वरच्या साहेबानं ठोकायची. बावीस नकाशांवर बावीस सह्या होत्या, त्यातल्या एकाही साहेबानं जल्मात रेघ ओढलेली म्या बघितली नव्हती.

माझं डोकं फिरलं. "कोपरा साहेबाचा म्हणून तर तू आज रस्त्यावर हैस! साहेब हैदराबादला गेले, कुणी पाकिस्तानात गेले, तुझं नाव कुणी घेतलं का? त्या पुलाचे दगड म्या डोक्यावर वाहिलेत. त्यो पूल कुणाचा ते मला ठाऊक न्हाय व्हय?"

त्यानं पुठ्ठ्यावरनं एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "लिही, अप्पा."

गुरुसिद्धप्पानं वळणदार अक्षरात नाव काढलं. रंग वाळेपर्यंत मुनवर तिथनं हलला न्हाय. स्वतःचं नाव एवढं मोठं लिहिलेलं त्यानं आयुष्यात बघितलं नव्हतं. मला तर वाटलं, गड जिंकला.

वही बांधायला घेताना गुरुसिद्धप्पा मधीच थांबला. सरळ मनानंच बोलला बिचारा. "वर ह्यांचं नाव, आत पानोपानी दुसऱ्याची सही. साहेब विचारणार न्हाय व्हय?"

"बरोबर है," मुनवर लगेच म्हणाला. "वरचं बदल. 'साहेबांच्या हाताखाली काढलेले नकाशे' असं कर. खरं तेच लिही."

"हाताखाली!" मी ओरडलो. "जल्मभर हाताखालीच मर तू! नाव बदलायचं न्हाय. सह्या काढायच्या."

ते काही अवघड नव्हतं. शाई चुकली की नक्षानवीस ब्लेडनं हलकेच खरवडतात आणि वरनं नखानं घोटतात. त्यांचा रोजचाच धंदा. मुनवर नको नको म्हणत होता. म्या गुरुसिद्धप्पाचं ब्लेड उचललं आणि पहिल्याच नकाशाच्या कोपऱ्यावर चालवलं. दगडावर चालणारा हात माझा, कापड टराटरा उसवायला लागलं.

"अरे हैवान! चावडी फाडशील," म्हणून मुनवरनं ब्लेड हिसकून घेतलं. मग पहिला कोपरा दुरुस्त करता करता त्यानं दुसरा घेतला, तिसरा घेतला. दिवस कलेपर्यंत बावीस सह्या उतरल्या. त्यानं नखानं असं घोटलं होतं की मला काही म्हणजे काही दिसंना. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मुलाखतीला मी त्याच्यासंगं गेलो. कचेरीत माझंही काम होतं. ठेकेदारांच्या यादीत नाव लागावं म्हणून म्या अर्ज टाकला होता, आणि त्या आठवड्यात त्याचा निकाल होता. मी दाराशी उभा राहिलो. मुनवरनं धुतलेली शेरवानी घातली होती, हमिदाबीनं तिच्या बाह्या आतनं सांधल्या होत्या.

साहेब वाईट माणूस नव्हता. वहीवरचं शीर्षक त्यानं मोठ्यानं वाचलं. तामलवाडीची चावडी बघून "वा!" म्हणाला. बोट फिरवत फिरवत कोपऱ्याशी आला आणि तिथं त्याचं बोट अडलं. तो म्या खरवडलेला कोपरा होता. साहेबानं पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. मग दुसरं धरलं. मग सगळीच.

"इथं सही होती. सगळीकडं होती. कुणी काढली?"

साहेबानं दाराकडं बघितलं. "तुम्ही गवंडी ना? तुमचा अर्ज आहे माझ्याकडं. या माणसाला ओळखता?"

"व्हय साहेब. एकाच गल्लीतले."

"हे नकाशे यांनीच काढलेत? तुम्ही यांच्याबरोबर कामं केलीत?"

एवढंच तर विचारलं त्यानं. "व्हय" म्हणायचं होतं. सोळा वर्षं त्याच्याशेजारी बसून खिडक्या मोजल्या, ते सांगायचं होतं. आणि ब्लेड पहिल्यांदा माझ्या हातात होतं, तेही सांगायचं होतं. पण "अर्ज आहे माझ्याकडं" हे शब्द माझ्या कानात बसले.

"मी दगडाचा माणूस, साहेब," म्या म्हणलं. "कागदातलं मला काय कळतंय?"

मुनवरनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. तो साहेबाला म्हणाला, "सह्या म्या खरवडल्या, साहब. मीच. दुसरं कुणी न्हाय."

साहेबानं वही मिटून टेबलाच्या खणात टाकली. सरकारी नकाशांत फेरफार, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर लावलं, असा शेरा मारला. तो शेरा असला की पुन्हा कुठल्या सरकारी कचेरीत उभं करत न्हायत. पोलिसात दिलं न्हाय, एवढीच मेहरबानी. बाहेर आल्यावर मुनवर म्हणाला, "तुझा निकाल कधी है?" म्या "उद्या" म्हणलं. "चांगलं होईल," म्हणाला आणि चालायला लागला. आणि झालंही. यादीत माझं नाव लागलं. मुनवर लिंबाखालीही दिसंना. चोराकडनं अर्ज कोण लिहून घेणार? स्टँडवर यात्रेकरूंची गाठोडी उचलायला जातो, असं कुणीतरी सांगितलं.

मी दोन महिने त्यांच्या दारावरनं गेलो न्हाय. लांबच्या बोळातनं ये-जा करायचो. दगडाबाई विचारायची, "मुनवरभाईंकडं जात न्हाय व्हय हल्ली?" मी तिच्यावरच खेकसायचो. रात्री नीट जेवण जात नव्हतं, पण काम तेवढं दणक्यात चाललं होतं. बेशरम असतो माणूस.

शाळेच्या पायाचं काम दाखवायला एकदा साहेबाकडं गेलो होतो. साहेब खुशीत होता. जाता जाता म्हणाला, "तुमच्या गल्लीतला तो नक्षानवीस. मूर्ख माणूस! अहो, खालच्या माणसानं काढायचं आणि वरच्यानं सही करायची, हे सगळीकडंच चालतं. मीही तेच करतो. जुन्या पगारपत्रकात त्याचं नाव नक्षानवीस म्हणून होतं, मी आधीच बघून ठेवलं होतं. सह्या तशाच ठेवल्या असत्या तर त्याच दिवशी घेतला असता. खरवडलेले नकाशे त्याचेच, हे वर कुणाला पटवू मी? त्याच्याइतका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता."

कचेरीच्या पायऱ्या कशा उतरलो ते आठवत न्हाय. सरळ मुनवरच्या दारात जाऊन उभा राहिलो.

हमिदाबीनं दार उघडलं. माझ्यासमोर सदा असायचं तसंच, तोंडावर पदर न्हाय. मोहल्ल्यातल्या दुसऱ्या परक्या पुरुषासमोर ती कधी उभी राहायची न्हाय, पण मी परका नव्हतो. ह्याचं कारण मी अजून सांगितलं न्हाय, आता सांगतो. पोलीस अॅक्शनच्या गडबडीत मुसलमानांवर हल्ले होत होते, तेव्हा अकरा दिवस ती दोघं माझ्या घरात, कडब्याच्या गंजीमागं होती. दगडाबाईनं त्यांना भाकरी पुरवली आणि म्या दारात कुऱ्हाड घेऊन बसून काढले ते दिवस. तेव्हापासून ती मला भाऊ मानायची.

"या भाऊ," ती म्हणाली. "किती दिवसांनी! तुम्ही तरी ह्यांना विचारा. मी उकळत्या पाण्यात हात घालून ते नकाशे काढले. आणि ह्यांनी चोरासारख्या सह्या खरवडल्या. मी तोंडावर चोर म्हणलं ह्यांना. दोन महिने बोलत न्हाय मी. काय गरज होती, भाऊ?"

मुनवर आत भिंतीला टेकून बसला होता. खांद्यावर ओझ्याचे वळ होते. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. नको, अशी. म्या ती बघितली. पण मला माझ्या छातीवरचा धोंडा उतरवायचा होता. खरं सांगतो, मला तिचं काही वाटलं न्हाय त्या घटकेला, माझंच वाटलं.

"भाभी, ब्लेड म्या चालवलं पहिल्यांदा," म्या म्हणलं. "त्यो नको म्हणत होता. साहेबानं मला विचारलं, हे नकाशे ह्याचेच का? म्या म्हणलं, मला ठाऊक न्हाय. सगळं अंगावर घेतलं ते त्यानं. माझ्यासाठी."

मुनवर आतनं बोलला. आवाज चढवून न्हाय. तो चढवायचाच न्हाय कधी.

"हे कशाला सांगितलंस, कोंडीराम? ती माझ्यावर चिडली होती. ते मी निभावत होतो. नवऱ्यावर बायको चिडतेच, उद्या बोलली असती. पण ह्या गावात एक घर तिला माहेर होतं. पुन्हा तसे दिवस आले तर कुठं जायचं, ते तिला ठाऊक होतं. आता ती कुठं जाईल, सांग."

मी बोलायला तोंड उघडलं. हमिदाबीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, तोंड झाकलं, आणि दाराआड झाली.