चिंगीला ओळखणारं कुणी

बावन्न वर्षांची, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढी उंच, हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी बाई कोर्टात येऊन आपलं नाव 'चिंगी' करून मागते म्हटल्यावर कारकुनाला हसू आलं, यात त्याची काय चूक?

"रकाने उलटसुलट झालेत का, बाई? जुनं नाव चिंगी आणि नवं हे भारदस्त, असं असेल ना?"

"नाही. लिहिलंय तेच बरोबर आहे."

"लोक असली नावं बदलायला येतात हो. तुम्ही उलटी गंगा वाहवताय."

बाई हसली नाही. कारणाच्या रकान्यात तिने तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं. खरं कारण एवढंच, की तिला चिंगी म्हणणारी तिची ताई गेल्या वर्षी गेली. आई वारली तेव्हा ताई बारा वर्षांची होती आणि ही दोन. तिला वाढवलं ताईने, हे नाव ठेवलं ताईने, आणि पोरगी ताडमाड वाढली तरी मागे घेतलं नाही. बाकी जगाला ती मॅडम, मावशी, नाहीतर 'अहो एक्स-रेवाल्या'. ताईबरोबर नावही गेलं. कपाट आवरताना, रस्ता ओलांडताना तिचे कान त्या एका हाकेकडे लागलेले असत. पाण्याची तहान लागावी तशी तिला ती हाक हवी होती. पण रकाना पडला दोन ओळींचा. तिने शेवटी 'घरातले नाव' एवढंच लिहिलं.

अर्ज झाला, वर्तमानपत्रात जाहिरात आली, प्रतिज्ञापत्रावर शिक्का बसला. घोडं अडलं ते शेवटच्या पानावर: 'अर्जदारास नव्या नावाने ओळखणाऱ्या व्यक्तीची साक्ष.'

"शेजारीण आणा एखादी," कारकून म्हणाला. एव्हाना त्याला बाईची कीव यायला लागली होती. "सही करेल नि जाईल. कोण बघतंय?"

"तिला हे नाव माहीतच नाही. शपथेवर खोटं कसं बोलायला लावू?"

"बरं, मग तुम्हाला चिंगी म्हणतं तरी कोण?"

म्हणणारं माणूस उरलं नव्हतं, आणि कोर्टाला नेमकं तेच हवं होतं.

राहता राहिले भावोजी, ताईचे यजमान. ताई गेल्यापासून ती त्यांच्या दारात गेली नव्हती. भांडण कसलंच नव्हतं. ताईची तब्येत बिघडल्याचा निरोप आला, तेव्हा हिची ड्यूटी चालू होती आणि बाहेर रांग होती. परक्यांची हाडं बघून होईपर्यंत इकडे सगळं आटोपलं. भावोजींनी चकार शब्द काढला नाही, तेच तिला जास्त लागलं होतं.

ती गेली, बसली, कसंबसं सांगितलं. भावोजींनी चष्मा पुसला.

"येतो की. पण मेव्हणीबाई, मी खोटं बोलणार नाही हं."

सुनावणीला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही यांना चिंगी म्हणता?"

"छे छे! माझी काय बिशाद! तो मक्ता आमच्या हिचा."

कारकुनाने कपाळावर हात मारून घेतला.

"मग तुमची साक्ष धरायची कशी?"

भावोजी म्हणाले, "मी ऐकलंय ना, साहेब. चाळीस वर्षं ऐकलंय. शेवटच्या दुपारी तर दुसरं काही ऐकलंच नाही. दार जरा वाजलं की, 'चिंगी आली का?' मी म्हणायचो, येतेय, वाटेत आहे. मला ओळखत नव्हती, पण हे नाव पक्कं होतं." मग मेव्हणीकडे न बघता म्हणाले, "यांना सांगितलं नव्हतं मी. कशाला जखमेवर मीठ चोळायचं?"

बाईने कठडा घट्ट धरला. जिच्यासाठी ती वर्षभर झुरत होती, ती हाक त्या दुपारी पुन्हा पुन्हा मारून झाली होती, आणि ही तिथे नव्हती.

"अर्ज मंजूर," न्यायाधीश म्हणाले, आणि त्यांनी कागद खाली सरकवला.

"आता नव्या नावाने पुकारा होईल," कारकून कुजबुजला. "नुसतं 'हजर' म्हणायचं आणि सही करायची."

दारातल्या शिपायाने घसा खाकरला आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात पुकारलं, "चिंगी!"

"आले गं," बाई रडत म्हणाली. "ताई, आले."