पट्टीनं आखलेला रकाना

माझ्या जुन्या रजिस्टरात एक रकाना सरकारी नव्हता. तो मी स्वतः पट्टी घेऊन आखायची. गरोदर बाईचं नाव, वय, नवऱ्याचं नाव, कितवं बाळंतपण, हे सगळं छापील यायचं. त्याच्या शेजारी, समासात, मी लाल पेनानं एक उभी रेघ मारायची आणि वर लिहायची, 'माहेरचं नाव'.

आमच्या भागात लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. त्या दिवसापासून सासरी ती त्या नावाची. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. म्हणजे माझ्याकडे सात महिने लोहाच्या गोळ्या खाणारी एका नावाची, आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात बाळंत होणारी वेगळ्याच नावाची. बाई तीच. म्हणून माहेरी निघालेल्या प्रत्येकीच्या हातात मी चिठ्ठी द्यायची. सासरचं नाव हे, माहेरचं नाव ते, रक्त एवढं कमी, हिला जपा. खाली सही, सविता, उपकेंद्राची नर्स. केंदूरच्या पुढं डोंगराच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथं मी सव्वीस वर्षं हे केलं आणि माझ्या चिठ्ठीची एकही बाई वाटेत हरवली नाही.

मग टॅब आला.

टॅब आल्यावर बाकीच्या नर्सबायांनी कपाळाला हात लावला. मी नाही लावला. मला नवीन काही दिसलं की आधीपासून हात शिवशिवतात. पाबळला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथं पोरीच्या वयाच्या सिस्टर 'हे दाबू का ते दाबू' करत बसल्या होत्या आणि मी पहिल्या दिवशीच दुपारी त्यांना शिकवत होते. वर्षभरात माझ्या गावच्या नोंदी तालुक्यात सगळ्यात पूर्ण. शिरूरला कार्यक्रम झाला, शाल, नारळ, प्रमाणपत्र. साहेब माईकवर म्हणाले, 'निवृत्तीला आलेल्या सविताताईंकडून तरुणांनी शिकावं.' मी खुर्चीत ताठ बसून होते. फुगले होते, खोटं कशाला सांगू? घरी आल्यावर जुनी सगळी रजिस्टरं काढली आणि स्टँडवरच्या भेळवाल्याला देऊन टाकली. चार दिवसांनी त्याच्याकडं भेळ खाल्ली, तर कागदावर माझंच अक्षर. मला हसू आलं.

त्याच उन्हाळ्यात सिंधूबाईंची सून माझ्याकडं नाव घालायला आली. सुलक्षणा. नवरा सत्यजीत रांजणगावला कंपनीत. आधार कार्ड पुढं केलं, त्यावर नाव प्रांजल हनुमंत. वडील पाटसच्या साखर कारखान्यात, माहेर तिथून जवळच. आधार अजून बदललेलं नव्हतं. मी आधी सुलक्षणा टाकलं, टॅबनं घेतलं नाही, नाव जुळत नाही म्हणाला. मग आधाराशिवाय नोंद करायची सोय होती, तिथून केली. सुलक्षणा सत्यजीत, आणि सत्यजीतचा मोबाईल नंबर. घरात, गल्लीत सगळे तिला त्याच नावानं ओळखत होते.

माहेरचं नाव कुठं टाकायचं ते मी शोधलं. मिनिटभर तरी शोधलं असेल. वर सरकवलं, खाली सरकवलं. तसा रकानाच नव्हता. एवढ्या शिकलेल्या माणसांनी बनवलंय, त्यांनी रकाना ठेवला नाही म्हणजे लागत नसेल, असं मीच ठरवून टाकलं.

पोरगी गोड होती. बाळाचे ठोके ऐकवा म्हणून मागं लागायची आणि ऐकताना तोंडावर पदर घेऊन हसायची. पण उपकेंद्राच्या पायऱ्या चढून आली की धापा टाकायची. पायऱ्या तीनच. पहिल्यांदा मी चेष्टा केली, 'एवढ्यात दमलीस? आजी व्हायचंय अजून.' दुसऱ्यांदा नाही केली. डॉक्टरांकडं पाठवली, तिथून पुण्याला. हृदयाची एक झडप अरुंद निघाली. लहानपणी ताप-सांधेदुखी झालेली असणार, कुणी लक्ष दिलं नसणार. डॉक्टरांनी बजावलं, बाळंतपण पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यातच. कळा सुरू व्हायच्या आधी भरती करायची आणि सलाईन अगदी जपून द्यायचं, नाहीतर छातीत पाणी भरतं.

मी एकूण एक शब्द टॅबमध्ये भरला. रिपोर्टचा फोटो चढवला. तिच्या नावापुढं लाल खूण आली. खूण बरोबर आली याचं मला समाधान वाटलं होतं. ते समाधान आठवलं की आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ती मात्र रडायला लागली. 'बाई, आत्याबाईंना सांगू नका.'

'का गं?'

'म्हणतील, खोट लपवून पोरगी गळ्यात मारली. आन् आमच्या आप्पांना तर अजिबात कळाया नको. त्यांनी कवा कुणापुढं मान खाली घातली न्हाई. ह्यांना ठाऊक हाय, तुम्हाला ठाऊक हाय. तेवढं बास.'

खरं म्हणजे तिथंच मी तिला दटावायला हवं होतं. सिंधूबाईंची काय बिशाद होती माझ्यापुढं बोलायची! पण पोरगी हात धरून बसली होती, आणि मला वाटलं, कशाला कुणाला सांगत बसायचं? सांगणारा टॅब माझ्या हातात आहे.

सातव्यात डोहाळजेवण झालं. दुसऱ्या दिवशी माहेरी निघायच्या आधी ती माझ्याकडं आली. हिरवी साडी, हातभर चुडा. नवव्याच्या पहिल्या आठवड्यात सत्यजीत तिला माहेराहून न्यायला येणार आणि थेट पुण्याला भरती करणार, असं आमचं तिघांचं ठरलेलं. तारीखसुद्धा मी टॅबमध्ये घातली होती.

'बाई, चिठ्ठी देता का?' ती म्हणाली. 'मोठ्या जाऊबाई म्हणत व्हत्या, तुम्ही माहेरी जाताना चिठ्ठी देता.'

मी हसले. मोठ्यानं हसले. 'अगं, कुठल्या जमान्यात आहेस? चिठ्ठी कशाला? इथं भरलं की पुण्यात दिसतं, दौंडात दिसतं, दिल्लीत दिसतं. कुठंही गेलीस तरी नुसतं म्हणायचं, टॅबमध्ये बघा. तुला तोंड उघडायचीसुद्धा गरज नाही.'

'मंग आप्पांना सांगावं लागणार न्हाई ना?'

'कुणालाच नाही.'

तिचा चेहरा असा खुलला! वाकून पाया पडायला लागली, मी अर्ध्यात धरलं, त्या पोटानं कुठं वाकतेस म्हणून. माझ्या टेबलावर चिठ्ठ्यांचं पॅड होतं. हाताच्या अंतरावर होतं.

ठरलेल्या तारखेच्या अठरा दिवस आधी, मंगळवारी सकाळी, तिला कळा सुरू झाल्या. सत्यजीत पहिल्या पाळीला होता आणि कंपनीत मोबाईल बाहेर कप्प्यात ठेवून आत जावं लागतं. त्यानं दुपारी कप्पा उघडला तेव्हा सासऱ्यांचे अकरा कॉल होते. तोपर्यंत जवळच्या दवाखान्यात ती बाळंत झाली होती. मुलगी, दिवसांआधीची, पण सुखरूप. आईला दम लागला होता, तिथल्यांना वाटलं थकली असेल, अंगात पाणी कमी पडलं असेल. सलाईनच्या दोन बाटल्या गेल्या. मग ओठ निळे पडल्यावर धावाधाव झाली, रुग्णवाहिका पुण्याला निघाली. यवतच्या अलीकडंच संपलं सगळं.

त्यांना मी दोष देत नाही. समोर नवीन बाई, कागद कोरा, कळा भरात. त्यांच्या जागी मी असते तर मीही सलाईनच लावलं असतं.

दशक्रिया झाल्यावर चार-पाच दिवसांनी हनुमंतराव माझ्या उपकेंद्रात आले. प्रांजलचे वडील. मी त्यांना लग्नात लांबून पाहिलेलं. त्या दिवशी फेटा होता, आता पांढरी टोपी आणि डोळे सुजलेले. पाटसवरून मोटारसायकल चालवत एकटेच आले होते. मी पाणी दिलं. ते तांब्या हातात धरून बसले, प्याले नाहीत.

'बाई, एक इचारायला आलोय. जावयानं सगळं सांगितलं आता. पोरीच्या काळजाला दुखणं हुतं, तुम्ही ते वळखलं, पुण्याला धाडलं. उपकार हायेत तुमचे.'



'त्या दिवशी गाडीतनं उतरवताना तिला दम पुरत न्हवता. तरी बोलत हुती. टॅबमंदी बघा, टॅबमंदी बघा, येवढंच. मला वाटलं, कळांच्या भरात काय तरी बरळती. पण तिथली सिस्टर चांगली हुती. तिनं लगीच टॅब घेतला, मला नाव इचारलं, मी सांगितलं. तिनं बघितलं, परत बघितलं. म्हणली, दादा, हितं काहीच न्हाई, नवीन नाव घालते.' त्यांनी तांब्या खाली ठेवला. 'तर बाई, तुमचं लिवायचं राहिलं हुतं का? राहिलं आसंल तर तसं सांगा. माणूस हाय, राहून जातं. मी भांडाया न्हाई आलो, देवाशप्पथ. फकस्त मला कळू द्या. रातभर तेच फिरतंय डोक्यात.'

राहिलं होतं. एवढंच म्हणायला हवं होतं मी. दोन शब्द. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्यापुढं ठेवलेले. माझ्यावर चिडले असते, तालुक्याला तक्रार केली असती, माझी नोकरी गेली असती. जाऊ दे की, मग? ते माझ्यावर दात खात का होईना, घरी जाऊन झोपले असते.

पण तालुक्यात पहिली आलेली बाई मी. माझ्या नोंदीत उणं? माझ्या तोंडून निघून गेलं, 'नाही दादा, मी सगळं लिहिलं होतं.' आणि एवढ्यावर थांबावं की नाही? टॅब उघडला, तिचं पान काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

फोटो होता तिचा. पहिल्या तपासणीच्या दिवशी मीच काढलेला. पदर सावरत हसतेय. शेजारी ती लाल खूण. ते बराच वेळ फोटोकडंच बघत राहिले. मग खाली वाचायला लागले, एकेका शब्दावर बोट ठेवून. हृदयाची झडप. पुण्यातच भरती. सलाईन जपून.

'हे तर समदं लिवलंय,' ते म्हणाले.

मग बोट वर गेलं. नावावर थांबलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, मी काय करून बसले ते. मी टॅब मागं ओढला, पण त्यांनी दुसऱ्या हातानं तो धरला होता.

'सुलक्षणा,' त्यांनी वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. 'तिथं सिस्टरनं इचारलं तवा मी प्रांजल सांगितलं.'

'दादा...'

'आधार कार्डबी तेच दिलं. आमच्या त्वांडात ते दुसरं नाव कवा बसलंच न्हाई ओ. लग्नात ऐकलं, पत्रिकेच्या पाकिटावर कवातरी लिवलं आसंल, तेवढंच. ती माझी प्रांजलच हुती.' त्यांचा आवाज अगदी साधा होता, हिशेब लागल्यावर माणूस बोलतो तसा. 'म्हंजी सुलक्षणा म्हणलो आसतो, तर हे पान निघालं आसतं.'

'दादा, चूक माझी आहे. ऐका माझं. दोन्ही नावं मी लिहायला हवी होती, आधी मी लिहायची, चिठ्ठी द्यायची. तिनं मागितली होती चिठ्ठी. मी दिली नाही. तुमचा काही दोष नाही यात, माझा आहे, सगळा माझा.' मी हात जोडले, रडले, त्यांच्या पायांशी बसले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी कुणाच्या पायांशी बसले नव्हते.

त्यांच्या कानात काही शिरत नव्हतं. 'ती सांगत हुती, टॅबमंदी बघा,' ते म्हणाले, 'आन् मी नाव चुकीचं दिलं.' मला खांद्याला धरून त्यांनीच उठवलं, खुर्चीत बसवलं. टॅब पुसून टेबलावर नीट ठेवला.

त्या तीन पायऱ्या ते भिंतीला धरून उतरले. मी खिडकीतून बघत होते. मोटारसायकलला चावी लावली आणि किक मारायचं विसरून तसेच उभे राहिले, उन्हात. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेत असतील. मी दारात आले तेव्हा ऐकू आलं. शाळेतलं पोर पाठ करतं तसे ते हळू आवाजात म्हणत होते, 'सुलक्षणा. सुलक्षणा. सुलक्षणा.'