सकाळचा अबोला

मी सांधा बोलतोय. उजव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी असतो मी. मूठ वळलीत की जो उंचवटा वर येतो ना, तोच. तुमचं माझ्याकडे कधी लक्ष गेलं नसेल. जाऊ दे, राग नाही. दुखल्याशिवाय आमची आठवण कुणाला येते?

माझा संसार साधा. दोन हाडांची टोकं, त्यांवर गुळगुळीत कूर्चा, भोवती पातळ अस्तर आणि त्या अस्तरातून पाझरणारं थोडंसं वंगण. एवढ्या भांडवलावर मी आयुष्यभर कुरकुर न करता वळत राहावं, अशी सगळ्यांची अपेक्षा. आणि खरं सांगतो, बरीच वर्षं मी वळलोही.

ज्या बाईच्या हातात मी आहे, ती चष्म्याच्या दुकानात काम करते. वाकडी फ्रेम सरळ करायची, काडी बसवायची, मोहरीएवढा स्क्रू हलक्या हातानं पिळायचा. पण ते झालं पोटापाण्याचं. माझं खरं काम घरी असायचं. बाईच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. मायलेकी हातांनी बोलायच्या, आणि बोलायच्या म्हणजे काय विचारता! मुलीचं घरातलं नावच मुळी बडबडी. हातात घास असला तरी हिच्या गप्पा सुरू. ‘अगं, जेव आधी!’ असं आई दटावायची, तेही हातांनीच, त्यामुळे जेवण दोघींचंही थंड व्हायचं. त्या गप्पांत मी असायचो, हो! मी वळल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे.

एकदा दुकानातल्या ड्रॉवरमध्ये बोट चेंगरलं. काय धावपळ झाली तेव्हा! आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावल्या, त्यांतून पाणी झिरपलं आणि पाठोपाठ पांढऱ्या पेशी आत शिरल्या. मी लाल झालो, तापलो, सुजलो, ठणकलो. लोक सुजेला नावं ठेवतात, पण ती माझ्या भल्यासाठीच आली होती. दुखलं म्हणून बाईनं बोटाला विसावा दिला आणि तेवढ्यात त्या पहारेकऱ्यांनी मोडतोड खाऊन साफ केली. मग आवरतं घेणाऱ्या पेशी आल्या. त्यांनी ‘झालं काम, निघा आता’ असं बजावलं आणि मंडळी खरंच निघाली. मला फार बरं वाटलं. आपल्यामागे कुणीतरी उभं आहे, असं वाटलं.

या पहारेकऱ्यांपैकी काहींची शाळाही असते. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी आहे, तिथं त्यांना आपलं कोण आणि परकं कोण ते शिकवतात. घरच्यांवरच उठणाऱ्या पेशीला तिथल्या तिथं निकालात काढतात. तरी एखादी निसटतेच. तिच्यावर त्या आवरणाऱ्या पेशी नजर ठेवतात. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मग एका हिवाळ्यात पहारेकरी पुन्हा आले. मार लागला नव्हता, जंतूही कुठला शिरला नव्हता. मला वाटलं, वाट चुकले असतील बिचारे. आवरणाऱ्या पेशी आता येतील, मग येतील, म्हणून मी वाट बघत बसलो. आल्या त्या, पण त्यांना कुणी जुमानेना. पहारेकरी एकमेकांना रासायनिक निरोप धाडत राहिले आणि निरोपासरशी आणखी पहारेकरी येत राहिले. माझं पातळ अस्तर फुगून जाडजूड झालं आणि माझ्याच कूर्चेला कुरतडू लागलं. ‘अरे, मी घरचाच आहे!’ असं मी जीव तोडून सांगत होतो. पण ज्याला एकदा परका ठरवलं, त्याचं कोण ऐकतं?

सकाळी तर नको व्हायचं. रात्रभर हालचाल नाही, सूज साठलेली, त्यामुळे उठल्यावर मी लाकडासारखा. डाव्या हातातल्या माझ्या जोडीदाराचीही तीच गत. दुपार चढेपर्यंत आम्ही वळायचं नाव घेत नसू.

बाईनं हे कुणाला म्हणून सांगितलं नाही. बडबडीला दुसऱ्या गावी नकाशे काढायचं काम मिळालं होतं. आईचं दुखणं कळलं तर पोरगी जायची नाही, हे बाईला पक्कं ठाऊक. मग काय, सकाळी स्वेटरच्या खिशात हात घालायचे आणि नुसती मान हलवायची.

आता ज्या घरात हातांनी बोलतात, तिथं खिशात हात म्हणजे काय? अबोला! बडबडी स्वतः लहानपणी रुसली की हात पाठीमागे धरायची. तिनं साहजिकच अर्थ लावला की आपण जातोय म्हणून आई रागावली आहे. मग तीही गप्प झाली. संध्याकाळी आम्ही जरा मोकळे व्हायचो, तेव्हा लेक समोर बसायचीच नाही. मला इतकी आठवण यायची त्या गप्पांची, की वेदना परवडली म्हणावं.

शेवटी एका सकाळी चहाच्या टेबलाशी भडका उडाला.

‘मी जाऊ नये असं वाटतं ना तुला? मग सांग तसं!’

बाईनं ‘नाही’ अशी मान हलवली. हात खिशातच.

‘आई, बोल माझ्याशी!’ असं म्हणून बडबडीनं आईचे हात खिशातून ओढून बाहेर काढले आणि ती थबकली. तिची बोटं गार होती आणि मी तापलेला. तिनं एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहिलं. आईचं कण्हणं तिला ऐकू येणार नव्हतं, पण चेहरा दिसत होता.

‘कधीपासून?’

बाईनं उत्तर द्यायला हात उचलला. मी वळलोच नाही. शब्द अर्धाच उमटला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘वेडी आहेस का गं तू?’ असं म्हणून लेक रडायलाच लागली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मला दाबून पाहिलं. ‘तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांना परकं समजतंय,’ त्या म्हणाल्या. ‘याला आवर घालता येईल. पण झिजलं ते भरून येत नाही. उशीर केलात हो.’

‘कामापुरतं तरी वळेल ना?’

‘स्क्रू पिळायचं म्हणताय?’

‘ते गेलं खड्ड्यात. लेकीशी बोलायचंय मला.’

औषधं सुरू झाली. पहारेकऱ्यांचे निरोप अडले, सूज उतरली. मात्र पहारा ढिला पडला की बाहेरच्या जंतूंचंही फावतं, म्हणून बाईला जपावं लागतं, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. दुकानाचे मालक म्हणाले, ‘तुम्ही गिऱ्हाइकं सांभाळा, स्क्रूचं मी बघतो.’ तेव्हापासून ते रोज जमिनीवर ओणवे होऊन स्क्रू शोधत असतात.

लेक गेली. बाईनंच हट्टानं पाठवली. आता संध्याकाळी फोनच्या पडद्यावर गप्पा होतात, पण सावकाश, अडखळत. सकाळी मात्र बाई फोन लावत नाही.

परवा लेकीनंच सकाळी लावला. बाईनं घाईघाईनं हात टेबलाखाली घेतले.

‘हात वर ठेव,’ पडद्यावरून लेक म्हणाली.

बाईनं नकारार्थी मान हलवली.

‘बोलू नकोस गं. नुसते समोर ठेव. बघायचेत मला.’

बाईनं दोन्ही हात फोनसमोर ठेवले. आम्ही सगळे सुजरे, वाकडे, उजेडात आलो. लेक बघत राहिली. मग बाईनं मला वळवायचा प्रयत्न केला आणि मी जिवाच्या आकांतानं जोर लावला.

पहारेकऱ्यांनो, पहिल्यासारखं सगळं द्या असं मी म्हणत नाही. झिजलं ते झिजलं. पण या बाईनं लेकीला आजवर ‘जा’ म्हणून सांगितलंय, ‘मी ठीक आहे’ म्हणून सांगितलंय. मनातला शब्द एकदाही सांगितलेला नाही. तो शब्द आहे ‘ये’. त्याला फार काही लागत नाही हो, मी एकदा आत वळलो की झालं.